खरबुजाची नोंद

पुष्कर महिनाभरासाठी नाशिकला येणार होता आणि उतरणार होता हॉटेलात.

"कंपनीनंच खोली बुक केलीय गं आई, नाही कसं म्हणू?" तो फोनवर म्हणाला. "जेवायला भेटूच की आपण. छानशा ठिकाणी जाऊ."

ज्योत्स्नाबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. सातपूरच्या त्यांच्या घरात तीन खोल्या, एक गॅलरी आणि राहायला एकटं माणूस. पोटचा त्रेचाळीस वर्षांचा मुलगा बंगळूरहून त्याच गावात येणार आणि झोपणार परक्या गादीवर! कंपनीचं नाव ही निव्वळ सबब आहे, हे कळायला काही रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ज्योत्स्नाबाईंकडे ती होती, वर कॉलेजात जन्मभर शिकवल्याचा अनुभव होता, आणि सबब तोंडातून बाहेर पडायच्या आत ओळखायची विद्या त्या अनुभवानंच दिली होती.

त्यांचे यजमान रत्नाकरराव गेल्यापासून हे असंच चाललं होतं. पुष्कर यायचा, दारात उभा राहायचा, एक लांब श्वास घ्यायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. नाकपुड्या ताणल्या जायच्या, ओठ आवळले जायचे. मग तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, "आई, चल, बाहेरच जेवू. तुला कशाला त्रास?" गेल्या दोन-तीन वर्षांत तो हॉलमध्ये टेकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

ज्योत्स्नाबाईंना वास येत नव्हता. फार वर्षांपूर्वी ती मोठी साथ आली, तेव्हा निम्म्या गावाचा वास गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत परतही आला. ज्योत्स्नाबाईंचा आलाच नाही. डॉक्टरांनी पुढे हात टेकले. तेव्हापासून घरातलं नाक म्हणजे रत्नाकरराव. दुधाचं पातेलं, कालची आमटी, कपाटातली साडी, गॅसची शेगडी, सगळ्यासमोर त्यांना उभं करायचं आणि म्हणायचं, "अहो, जरा वास घ्या हो." पाटबंधारे खात्यातला हा शांत माणूस एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, पण वासाचं विचारलं की खुलायचा. नुसतं "चांगलंय" म्हणून त्यांनी कधी बायकोची बोळवण केली नाही. केळ्यांचा घड हुंगून म्हणायचे, "उद्यापर्यंत काळी पडणार." लवंग हुंगून म्हणायचे, "दाढ दुखतेय असं वाटतं." आणि ज्योत्स्नाबाईंना खरोखरच दाढेपाशी काहीतरी जाणवायचं.

स्वतःला वास येत नसला की माणूस दुसऱ्यांची नाकं वाचायला शिकतो. पुष्करचं नाक त्यांनी नीट वाचलं होतं. घराला वास येत असणार. म्हाताऱ्या, एकट्या बाईच्या घराला येतो तसला.

त्यांनी शेजारच्या अहिररावबाईंना सरळ विचारलं.

"विद्याताई, खरं सांगा. माझ्या घराला वास येतो का हो?"

"छे! काहीतरीच काय, ज्योत्स्नाताई," अहिररावबाई म्हणाल्या आणि कढीपत्ता घेऊन लगबगीनं निघून गेल्या. उकिरड्यावर उभ्या असत्या तरी त्यांनी हेच उत्तर दिलं असतं. आपल्याकडे माणसाच्या तोंडावर त्याचं बारसं-लग्न-मरण सगळं बोलतात, पण तुमच्या घराला वास येतो, हे कुणी बोलत नाही. भीड पडते.

मग त्यांनी सोबतीला विचारलं. सोबती हे त्या काळी घरोघरी असलेलं बोलकं यंत्र होतं. जगातलं सगळं ज्ञान त्याच्या पोटात, आणि जिभेवर खडीसाखर. ते म्हणालं, "प्रत्येक घराला स्वतःचा असा एक गंध असतो, ज्योत्स्नाताई. तुम्हाला सध्या एकटं वाटतंय का?" ज्योत्स्नाबाईंनी त्याला गप्प केलं. लाखो माणसांशी बोलून बोलून यंत्रालासुद्धा भीड लागली होती.

त्यांना हवं होतं एक मठ्ठ यंत्र. विचारलं तेवढंच सांगेल, गोड बोलणार नाही, धीर देणार नाही.

अर्धं यंत्र तर घरातच होतं. काडेपेटीएवढा घ्राणक स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेला होता. गॅस सुटला, दूध नासलं की तो ओरडायचा. वडील गेल्यावर पुष्करनंच तो पाठवला होता, घरातलं नाक गेलं म्हणून. त्याचं काम साधं होतं. तो हवेचा एक घोट घ्यायचा, त्यातले रेणू वेगवेगळे करायचा आणि एकेकाचं वजन करायचा. वजन इतकं काटेकोर की त्यावरून रेणूत कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती याचा हिशेब लागायचा. म्हणजे रेणूचं सूत्र मिळायचं. पण सूत्र म्हणजे वास नव्हे. सात कार्बन, चौदा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन असं वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर केळं येत नाही. सूत्र दिलं की वासाचं नाव शोधून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मध्ये बसवायला हवा होता.

प्रोग्रॅम लिहिण्याचं काम आता माणसं करत नसत. ते मिस्त्री करायचा. मिस्त्री म्हणजे आणखी एक यंत्र, पण हे कामापुरतं बोलणारं. माणसानं फक्त आराखडा सांगायचा. आराखडा नीट असला तर घर उभं राहतं, नसला तर दार भिंतीत उघडतं, आणि दोष मिस्त्रीचा नसतो.

सकाळी आंघोळ उरकून ज्योत्स्नाबाई त्याच्यासमोर बसल्या.

"काय दिल्यावर काय शोधायचं?" मिस्त्रीनं विचारलं.

"रेणूचं सूत्र दिलं की त्याचा वास सांगायचा. मराठीत. एका ओळीत."

"माहिती कुठून घेऊ?"

"संयुगांची नावं आणि सूत्रं तयार यादीतून घे. वासाचा रकाना मी भरीन."

"सूत्र सापडलं नाही तर काय दाखवू?"

हे उत्तर त्यांच्या हातात बसलेलं होतं. मुलांच्या जर्नलांवर लाल शाईनं त्यांनी ते हजारदा लिहिलं होतं. "'सापडलं नाही. पुन्हा बघा.' असं दाखव."

"एकाच सूत्राच्या दोन नोंदी निघाल्या तर?"

इथे ज्योत्स्नाबाई थबकल्या. हा प्रश्न तर त्यांनी स्वतः पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता. तेच मणी, तेवढेच मणी, पण ओवायची तऱ्हा बदलली की माळ वेगळी. सूत्र एक आणि संयुगं दोन, गुण निराळे, वास निराळा. घ्राणक मणी मोजतो, माळ बघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण घ्राणकाच्या पडद्यावर एकच ओळ मावत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना घाई झाली होती.

"पहिली नोंद दाखव," त्या म्हणाल्या.

वर्गातल्या एखाद्या मुलीनं असं उत्तर दिलं असतं, तर बाईंनी तिला तासभर उभं केलं असतं.

वासाचा रकाना भरताना त्यांचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. पुस्तकी वर्णनं होतीच, 'फळासारखा, गोडसर, तीव्र.' त्यांनी ती बाजूला ठेवली आणि रत्नाकररावांचे शब्द आठवून आठवून लिहिले. सुरुवात फळांपासून केली, कारण ते त्यांना आवडायचं. केळं. उद्यापर्यंत काळी पडणार. मग फुलं आणि मसाले. लसूण. फोडणी पडली, जेवायला चला. बदाम, पण बेकरीतला, खोटा. प्रत्येक ओळ लिहिताना तो आवाज कानाशी यायचा आणि त्या मोठ्यानं हसायच्या. कुबट, खवट, शिळ्या वासांची पाळी अगदी शेवटी आली. त्यांच्यासाठी रत्नाकररावांचा एक शब्द आठवेना. तसलं काही नाकाशी आलं की ते निमूटपणे पातेलं उचलून मोरीत ओतायचे. मग त्या नोंदी ज्योत्स्नाबाईंनी पुस्तकातून कोरड्या कोरड्या उतरवून काढल्या आणि एकदाची सुटका करून घेतली.

खरबुजापाशी मात्र त्या रेंगाळल्या होत्या. रत्नाकरराव खरबुजाचे वेडे. हंगामात बाजारातून येताना पिशवीत एक असायचंच. देठाकडची बाजू नाकाशी धरून डोळे मिटायचे, मग विसरून ज्योत्स्नाबाईंच्याही नाकाशी धरायचे, जीभ चावायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल त्यांनी जसाच्या तसा लिहिला. खरबूज. पिकलंय, आजच कापू.

प्रोग्रॅम तयार झाला. घ्राणक भिंतीवरून काढून त्यांनी हातात घेतला आणि घरभर फिरायला निघाल्या. स्वयंपाकघरात नुकतीच डाळीला फोडणी दिली होती. पडद्यावर ओळ उमटली, लसूण. फोडणी पडली, जेवायला चला. ओट्यावर एका माणसाची डाळ होती. ज्योत्स्नाबाई ती ओळ विझेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

हॉलमध्ये, खिडकीजवळ, घ्राणकानं भलतंच काही सांगितलं. खरबूज. पिकलंय, आजच कापू.

मार्गशीर्षात खरबूज? त्यांनी फ्रिज उघडला. कोबी, दही, अर्धं लिंबू. पुन्हा हॉलमध्ये आल्या. घ्राणकाच्या कडेला रेणू किती आहेत ते दाखवणाऱ्या रेघा होत्या. दाराशी एक रेघ, टीव्हीपाशी दोन आणि खिडकीतल्या जाड कापडी खुर्चीपाशी सगळ्याच्या सगळ्या. ती खुर्ची रत्नाकररावांची. निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं आयुष्य तिच्यात गेलं होतं, आणि एका दुपारी पेपर वाचता वाचता शेवटही तिथेच झाला होता.

ज्योत्स्नाबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची त्यांनी स्टाफरूममध्ये भरपूर खेचली होती. तरी त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा घेऊन त्या खुर्चीसमोर बसू लागल्या. मधूनच घ्राणक पुढे करायचा. खरबूज. पिकलंय, आजच कापू. "बरं, कापते," असं त्या एकदा बोलून गेल्या आणि खिडकीतून कुणी ऐकलं तर नाही ना, ते बघून आल्या. खूप दिवसांनी त्यांना घरात बरं वाटत होतं.

पुष्करचा फोन आला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"का रे, आपल्या हॉलमध्ये खरबुजाचा वास येतो का?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"कुणी सांगितलं?"

"यंत्र म्हणतंय."

"येत असेल," तो हळूच म्हणाला आणि त्यानं विषय बदलला.

त्या गप्प बसण्यानं ज्योत्स्नाबाई जाग्या झाल्या. आपण काय करतोय? एखादा विद्यार्थी एका वाचनावर निष्कर्ष काढून मोकळा झाला, तर आपण त्याला काय म्हणालो असतो? खरबुजाच्या वासात एकटा रेणू कधी नसतो. गोडवा देणारी एस्टर नावाची संयुगं हवीत, तीही पाच-दहा प्रकारची. घ्राणकाला त्यातलं एकही सापडलेलं नव्हतं. सापडला होता फक्त नऊ कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजनचा एक रेणू. एस्टरांवाचून कुठलं खरबूज पिकतं?

त्या मिस्त्रीसमोर बसल्या. "या सूत्राच्या सगळ्या नोंदी दाखव."

दोन होत्या. दोघींचं नाव एकच, नोनेनाल. नऊ कार्बनांची साखळी, एका टोकाला ऑक्सिजन. फरक एवढाच की साखळीतला दुहेरी बंध एकीत सहाव्या जागी होता आणि दुसरीत दुसऱ्या जागी. सहाव्या जागी असला की ते खरबूज. दुसऱ्या जागी असला की, ज्योत्स्नाबाईंनी स्वतःच्याच हातानं उतरवलेलं वाक्य वाचलं, 'तेलकट, शिळा, जुन्या पुठ्ठ्यासारखा. माणसाच्या त्वचेवर चाळिशीनंतर तयार होतो. वृद्धत्वाचा गंध.'

फळं आधी लिहिली म्हणून खरबूज वर राहिलं होतं. नावडतं सगळं शेवटी ढकललं होतं, म्हणून हे खाली गेलं होतं. प्रोग्रॅमनं आज्ञेप्रमाणे पहिली नोंद दाखवली होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढचं त्यांना पाठ होतं. वय वाढलं की कातडीच्या तेलात एक आम्ल वाढत जातं. हवा लागली की ते हळूहळू मोडतं आणि त्यातून हा रेणू सुटत राहतो. साध्या साबणाला तो दाद देत नाही. कापडात, कापसात, फोममध्ये तेल मुरलं की वर्षानुवर्षं झिरपत राहतो. माणसामाणसात याचं प्रमाण कमीजास्त असतं. ज्योत्स्नाबाईंनी घ्राणक स्वतःच्या बाहीला, मानेला, उशीला लावून बघितला. जेमतेम एक रेघ, तीही येऊन-जाऊन. खुर्चीपाशी मात्र सगळ्या.

म्हणजे घराला वास येत होता, आणि तो यांचा होता. म्हातारपणाचा, शिळा. तोच नाकात शिरला की पुष्करचा चेहरा बदलायचा. पोराला बापाच्या वासाची किळस यावी याचं त्यांना फार वाईट वाटलं, पण रागावणार तरी कुणावर? नाकाला नाती कळत नाहीत.

"नोंदींचा क्रम बदलू का?" मिस्त्रीनं विचारलं.

"राहू दे. फक्त ती ओळ विझली की एक प्रश्न टाक. याच सूत्राची आणखी एक नोंद आहे, दाखवू का, असा."

ती चूक सुधारणं सोपं होतं. दुसरं काम अवघड होतं. खुर्ची घरात असेपर्यंत पुष्कर घरात येणार नव्हता, आणि खुर्चीखेरीज यांचं घरात उरलं होतं काय? फोटो, चष्मा, बँकेची कागदपत्रं, गुंडाळून ठेवलेली गादी-रजई, एक लोकरी स्वेटर. त्यांतल्या कशाशीही चहा घेत बसता येत नव्हतं. आठवडाभर त्यांनी स्वतःशी वाद घातला. एकदा खुर्ची गॅलरीत सरकवली, संध्याकाळी परत आत ओढली. शेवटी पुष्करचा निरोप आला की तो रविवारी पोहोचतोय, दुपारी कुठे जेवायचं ते कळव. त्यांनी कळवलं, "घरी."

भंगारवाल्याची दोन माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी खुर्ची उचलली, तशा ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "एक मिनिट ठेवा." त्या तिच्यात बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बसल्या होत्या, ती जागा कधी रिकामी नसायची म्हणून आणि नंतर बसवेना म्हणून. पाठ टेकवून त्यांनी जोरात श्वास ओढला. नाकात नुसती हवा गेली. माणसं दाराकडे बघत उभी होती.

"न्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी हात आखडला नाही. पाठोपाठ यांची गादी गेली, रजई गेली, लोकरी स्वेटर गेला. पडदे सोड्यात भिजवले, भिंती पुसल्या, दिवाणावर नवी गादी आणली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. शनिवारी संध्याकाळी त्या घ्राणक घेऊन घरभर फिरल्या. खिडकीतल्या रिकाम्या जागी तो बराच वेळ धरला.

सापडलं नाही. पुन्हा बघा.

यश आलं होतं. त्या पायरीवर बसून रडल्या.

रविवारी बेल वाजली. दारात पुष्कर उभा होता, केस विरळ झालेले, खांद्याला पिशवी. त्यानं नेहमीसारखा लांब श्वास घेतला आणि थांबला. परत घेतला. ज्योत्स्नाबाई त्याचं नाक वाचत होत्या, पण आज त्यांना ते वाचता येईना. तो तडक आत आला. चप्पलसुद्धा काढली नाही. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आई, बाबांची खुर्ची?"

"काढली. गादीपण नवीन आणलीय. सगळं धुऊन काढलंय रे. आता वास नाही येत, बघ. आता इथे राहायला तुला काही..."

"काढली म्हणजे? कुठे आहे?"

"भंगारात दिली."

पुष्कर त्या मोकळ्या जागेवर खाली फरशीवरच बसला. मोठ्या माणसाला शोभणार नाही असा रडायला लागला.  ज्योत्स्नाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मला वाटलं तुला त्या वासाची किळस येते," त्या म्हणाल्या. "दारातूनच परत जायचास."

"किळस?" त्यानं तोंड पुसलं. "अगं, दार उघडलं की बाबा यायचे समोर. पेपर वाचत बसलेत असं वाटायचं. आत आलो तर खुर्ची रिकामी दिसणार, म्हणून दारातच थांबायचो. पण एक श्वास घेऊन जायचो. दरवेळी. तेवढ्यासाठी तर यायचो गं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुला वास येत नाही." तो रिकाम्या फरशीवरून हात फिरवत राहिला. "बाबांचा वास अजून घरात आहे आणि तो फक्त मला येतोय, तुला नाही, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? खरबुजाचं विचारलंस तेव्हा वाटलं तुला कळलं. तरी जीभ रेटेना."

ज्योत्स्नाबाई त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. आई म्हणून त्या आजवर समजत आल्या होत्या की भीड परक्यांची असते. पोटच्या पोरानं त्यांची भीड धरली होती, आणि त्यांनी पोराची. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून दोघांनी मिळून तो माणूस टेम्पोत घालून पाठवून दिला होता.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या.

"नाही गं." त्यानं त्यांच्या हातातला पेला घेतला. "मी सांगायला हवं होतं."

जेवण झालं. पुष्करनं भंगारवाल्याला फोन लावला. खुर्ची परवाच फोडली, लाकूड निघालं तेवढं विकलं, असं तो म्हणाला. पुष्करनं मग दुसरा फोन लावला आणि हॉटेलातली खोली नको म्हणून कळवलं.  प्रवासानं तो दमला होता. दिवाणावर आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला, उजवा हात डोळ्यांवर घेऊन, रत्नाकरराव घ्यायचे तसा.

ज्योत्स्नाबाईंनी भांडी आवरली. सवयीनं घ्राणक हातात घेतला. आता त्याला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी फिरल्या. खिडकीपाशी: सापडलं नाही. पुन्हा बघा. कपाटापाशी: सापडलं नाही. पुन्हा बघा. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लिहिलेला शेरा आज त्यांच्याच वाट्याला येत होता. खोली फार मोठी वाटत होती, आणि इतकी वर्षं नाकात काही नसूनही आजच त्यांना ते नसणं कळत होतं.

दिवाणाजवळून जाताना त्यांचा हात पुष्करच्या अंगावरून गेला. घ्राणकाच्या कडेला एक रेघ उठली.

त्या थांबल्या. आधी वाटलं, आपल्याच बाहीची असेल. बाही वर खोचली, हात लांब केला, आणि यंत्र हळूच त्याच्या कॉलरपाशी नेलं. दोन रेघा. मग तीन.

खरबूज. पिकलंय, आजच कापू.

चाळिशीनंतर, असं पुस्तकात लिहिलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. पुष्कर त्रेचाळीस वर्षांचा होता.

तो कुशीवर वळला. अर्धवट झोपेत विचारलं, "काय गं आई? काय बघतेस?"

"काही नाही. झोप तू."

ती ओळ विझून पडद्यावर प्रश्न आला. याच सूत्राची आणखी एक नोंद आहे. दाखवू का?

ज्योत्स्नाबाईंनी 'नको' दाबलं, खिडकीतली खुर्ची होती तिथली जागा सोडून दिवाणाशेजारी स्टूल ओढलं, आणि मुलगा उठेपर्यंत खरबुजाची ती एक ओळ पुन्हा पुन्हा बघत बसल्या.